सलामीचं वळण

उत्कर्षा निकमला त्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा वाचवण्यात आलं, तेव्हा तिला रडू कोसळलं.

रडण्यासारखं काही झालं नव्हतं, असं पाहणाऱ्या कुणीही सांगितलं असतं. तोमार धारेच्या उताराकडेला लावलेल्या जाळ्यांपाशी ती बर्फात उताणी पडली होती. मानेभोवती, छातीभोवती आणि कमरेभोवती हवेच्या पिशव्या टम्म फुगल्या होत्या. दोन्ही गुडघे आपोआप ताठ झाले होते आणि पायांतल्या स्की सुटून वर उतारावर शहाण्यासारख्या थांबल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, रक्त नव्हतं. बचाव पथकातला लाहौली माणूस धावत आला, त्याने तिचे डोळे तपासले, बोटं मोजायला लावली आणि हसून म्हणाला, "नशीबवान आहात, मॅडम."

तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

नशीबवान! सलामीच्या वळणापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. दोनदा जगज्जेती झालेली बाई, तेहतीस वर्षांची, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. हा तिचा शेवटचा हंगाम होता. जगभरातले उतार तिने जिंकले होते आणि जिथे ती स्की शिकली, त्या तोमार धारेवर मात्र एकदाही जिंकली नव्हती. शुक्रवारची आणि रविवारची, अशा दोनच शर्यती आयुष्यात उरल्या होत्या. त्यातली शुक्रवारची आत्ता हवेच्या पिशव्यांनी गिळली होती.

आल्प्सच्या खालच्या उतारांवर आता जानेवारीतही गवत दिसायचं. त्यामुळे स्कीची ही मोठी जत्रा काही वर्षांपासून इथे लाहौलच्या बर्फाळ डोंगरांत उतरत होती, आणि उत्कर्षाच्या वडिलांसारख्या माणसांना अचानक भाव आला होता. सुभेदार बाजीराव निकम मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत असताना त्यांनी जवानांना बर्फावर चालायला, घसरायला आणि जिवंत परत यायला शिकवलं. निवृत्तीनंतर ते गावी गेलेच नाहीत, इथेच मुलीला शिकवत राहिले. संघातले सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उत्कर्षा आबा म्हणायची.

सलामीचं वळण हे नावही फौजेचंच. तिथे उतार एकाएकी डावीकडे तुटतो आणि वेग टिकवायचा तर अंग इतकं झुकवावं लागतं की माणूस डोंगराला सलाम ठोकतोय असं वाटावं. बाकीचे खेळाडू तिथे जरा सावरून घेत. उत्कर्षा सावरत नसे. ती कंबर बर्फाला टेकेपर्यंत खाली जायची आणि ऐन मोक्याच्या क्षणी बाहेरच्या पायाची मांडी चक्क सैल सोडायची. त्या निमिषभरात तिचा भार कुणावरच नसायचा, ना स्कीवर, ना बर्फावर. मग स्कीची धार बर्फात रुतायची आणि ती गोफणीतल्या धोंड्यासारखी पुढे फेकली जायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला ते साधलंही नव्हतं. प्रत्येक शर्यतीला आबा वॉकीटॉकी घेऊन अशाच वळणाच्या कडेला उभे असायचे.

त्या निमिषभरात 'राखण' उघडली होती.

राखण हे यंत्र साधं नव्हतं, पण त्यामागचा विचार साधा होता. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगात माणूस पडतो, तेव्हा गुडघ्याचा बंध तुटायला डोळ्याची पापणी लवण्याहूनही कमी वेळ लागतो. आपण पडतोय हे मेंदूला कळेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो. पण स्नायूंना ते आधी कळतं. पडण्याच्या ऐन आधी मांडीतले, पोटातले, पाठीतले विजेचे बारीक संदेश एका विशिष्ट तऱ्हेने विस्कटतात. हजारो खेळाडूंच्या हजारो पडण्यांमधून राखण ती तऱ्हा शिकली होती. अंगाला चिकटलेल्या पातळ बनियनमधून ती सतत स्नायूंची नाडी बघत बसायची. माणूस पडणार अशी तिची खात्री पटली की ती पिशव्या फुगवी, गुडघे आवळी, स्की सोडवी. राखण उघडली की शर्यत संपली. एका हंगामात दोन पोरी जिवानिशी गेल्यावर महासंघाने ती सगळ्यांना सक्तीची केली आणि त्यानंतर कुणीही मेलं नव्हतं. तिच्याविरुद्ध बोलायला तोंड उरलं नव्हतं, आणि उत्कर्षाला तर बोलायचं होतं.

"मी पडत नव्हते," पंचांच्या लाकडी खोलीत तिने चौथ्यांदा सांगितलं.

मुख्य पंच हालवोर्सन हा नॉर्वेचा म्हातारा भला माणूस होता. भल्या माणसांशी भांडणं फार जड जातं. त्याने पडद्यावरची लाल रेघ दाखवली. ती सलामीच्या वळणावर उभी चढली होती.

"यंत्र म्हणतं, तू पडत होतीस."

"यंत्राने मला पडू दिलं असतं तर कळलं असतं, मी पडत होते की नव्हते."

"ते पडू देत नाही, म्हणून तर ते आहे."

"म्हणजे मी कधीच सिद्ध करू शकणार नाही?"

हालवोर्सनने चष्मा काढून पुसला. "जे घडलंच नाही, त्यावर अपील कसं चालवायचं, पोरी? तू धडधाकट आहेस, याचा मला आनंद आहे."

पुन्हा तेच. त्या हिवाळ्यात जो तो तिच्या धडधाकटपणाचा आनंद मानत होता आणि त्या आनंदाचा तिला वीट आला होता.

आबा मेणाच्या खोलीत होते. स्की आडवी टाकून तिच्या तळाला गरम इस्त्रीने मेण लावणं हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ती आली तशी त्यांनी मान वर केली.

"काय म्हनला पंच?"

"काय म्हणणार? अभिनंदन केलं."

"मग बरुबर हाय की. अंगाला कुटं लागलं न्हाई. रडायचं कशापायी?"

"आबा, मी पुढे होते!"

"व्हतीस. आन् परवा परत शर्यत हाय. हातपाय शाबूत हायेत म्हनून हाय." ते पुन्हा इस्त्री फिरवायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांना बरं वाटत होतं. राखण उघडली म्हणून तिच्या बापाला मनातून बरं वाटत होतं.

ती तडक सिस्सू गावातल्या हॉटेलात मैथिलीकडे गेली.

मैथिली ओक ही राखणीची जन्मदात्री. पुण्याची. एके काळी संघात उत्कर्षाच्याच खोलीत राहायची, तिचे मोजे चोरायची, आबांच्या शिव्या खायची. मग एका शर्यतीत ती अशी पडली की त्यानंतर दोन काठ्यांशिवाय तिला चालता आलं नाही. पुण्याला परत जाऊन तिने हे यंत्र बनवलं. त्यामुळे तिच्याशी भांडायचं तर त्या दोन काठ्यांशी भांडावं लागायचं. आजवर उत्कर्षाने ते टाळलं होतं.

"तुझ्या यंत्राला स्की येत नाही," ती दारातूनच म्हणाली.

"बस आधी," मैथिली म्हणाली. "चहा घेतेस?"

"चहा नको. मला सांग, ती कोरिन परवा सरावात अख्खी आडवी झाली, एक हात बर्फात, एक स्की आभाळात. तिची राखण हूं की चूं करत नाही. आणि मी माझं नेहमीचं वळण घेतलं की मला गादीत गुंडाळतात. हा काय न्याय आहे?"

मैथिलीने कॉम्प्युटर उघडला. "राखणीचे दोन थर असतात, माहीत आहे ना? खालचा सगळ्यांचा सामायिक. वरचा प्रत्येकाचा स्वतःचा. तो तुझ्याकडूनच शिकतो. सरावात तोल गेल्यासारखा वाटला की खाली आल्यावर तो तुला विचारतो, ताबा होता की सुटला होता? तू हिरवं किंवा लाल बटण दाबतेस." ती बोलता बोलता थांबली. पडद्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्याला हात लावला. "उत्का, अगं तू गेल्या चार वर्षांत एकदाही हिरवं दाबलेलं नाहीस."

"मग?"

"मग काय? तूच त्याला दरवेळी सांगितलंस की मांडी सैल पडते तेव्हा तुझा ताबा सुटतो. त्याने विश्वास ठेवला, आणि यंदा त्याची पुरती खात्री पटली. कोरिन तर जाळ्यात लटकलेली असली तरी हिरवं दाबते. तिचंही ते ऐकतं."

उत्कर्षाने कधीच हिरवं का दाबलं नाही? तिला उत्तर ठाऊक होतं आणि मैथिलीलाही ठाऊक होतं, कारण दोघी एकाच उस्तादाच्या हाताखाली वाढल्या होत्या. आबांच्या युनिटमध्ये उतारावरून खाली आलेल्या जवानाला उस्ताद विचारायचा, कसं झालं? "जमलं" म्हणणाऱ्याला रगडा मिळायचा, पाठीवर बोजा घेऊन पुन्हा वर. त्यामुळे सगळे एकच उत्तर द्यायचे: चूक झाली, उस्ताद. चूक झालेली असो वा नसो. आबांनी तीच शिस्त पोरींना लावली. डोंगरावर 'मी केलं' म्हणायचं नाही. संघातल्या एकूण एक मुलीचा हात लाल बटणाकडे जायचा, न विचारता, बूट काढण्याइतक्या सवयीने.

"तू पण लालच दाबायचीस," उत्कर्षा म्हणाली.

"माझ्या वेळी बटणं कुठे होती?" मैथिली म्हणाली. "पण दाबलं असतं. हे यंत्र बनवताना मला हे सुचायला हवं होतं. जगात सगळीकडे माणसं बढाया मारणार, हे मी धरलं होतं. कुणी उलटं खोटं बोलेल हे डोक्यातच आलं नाही, आणि मी आपल्याच संघातली!"

दोघींनाही हसू आलं आणि तितक्याच चटकन ते विरलं. उत्कर्षाच्या तीन शर्यतींची माती झाली होती ती या विनयापायी.

उपाय होता. शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत खेळाडूला आपली जुनी उत्तरं पुन्हा तपासून बदलता येत होती. शनिवारी सकाळी उत्कर्षा मैथिलीच्या खोलीत हीटरपाशी बसली. आबाही आले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण ते कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून पडद्याकडे बघत राहिले.

पहिली काही उत्तरं सोपी होती. पडद्यावर ती वळणात खाली जायची, मांडी सुटायची, धार रुतायची. हिरवं. हिरवं. हिरवं. प्रत्येक बटणासरशी छातीवरचं ओझं उतरत होतं. मग कोक्सरच्या उतारावरचा एक सराव आला. ती खाली गेली, मांडी सुटली आणि स्कीची धार रुतलीच नाही. एका उंचवट्याने तिला खालून धक्का दिला, म्हणून ती उभी राहिली. तो उंचवटा तिने बघितलाही नव्हता. तिने लाल दाबलं.

त्यानंतरचा क्षण तिने तीनदा बघितला.

"काय झालं?" मैथिलीने विचारलं.

"कळत नाहीये."

"कसं कळत नाहीये? तूच आहेस ती."

"मीच आहे. पण तेव्हा विचार कुठे करत होते? आता बघून कसं सांगू, मी उठले की मला उठवलं?" तिचा आवाज चढला. "सगळी हिरवी दाबते. उद्याचा निकाल लागू दे, मग बघू खरं-खोटं."

"दाब," मैथिली शांतपणे म्हणाली. "मी अडवणार नाही. मी पडले त्याच्या आदल्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मीही सगळी हिरवी दाबली असती. मनापासून."

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "खरं काय आसंल ते दाब, पोरी."

इतका वेळ आवरून धरलेलं सगळं तिथे फुटलं. "खरं? आबा, खरं सांगायची सवय तुम्ही लावलीत कुठे? कधी 'जमलं' म्हणू दिलंत का? दोनदा जग जिंकून आले तेव्हाही काय म्हणालात, तर वरच्या गेटला हात मागं राहिला! मी चांगली आहे की नुसती वाचत आलेय, हे मला आज स्वतःला सांगता येत नाही. हे तुमचं शिक्षण!"

 आबांनी टोपी घातली, पुन्हा काढली. बापाला असं बोलल्याचं तिला वाईट वाटलं आणि बोललं ते खरं होतं म्हणून जास्तच वाईट वाटलं. ती पडद्याकडे वळली आणि दुपारपर्यंत एकेक क्षण बघत राहिली. जिथे खात्री होती तिथे हिरवं दाबलं. जिथे शंका आली तिथे हात आपसूक लालकडे गेला.

शेवटी मैथिलीने शुक्रवारचा रन, म्हणजे त्या उतरण्याची नोंद, नव्या थरावर चालवून बघितला. रेघ चढली, पण वरच्या खुणेला पोचली नाही.

"नसती उघडली," ती म्हणाली. "तू पडत नव्हतीस, उत्का."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने अख्खा हिवाळा जिवाचा आटापिटा केला होता. आता ते ऐकून तिला शुक्रवार तेवढा आठवला. तो काही कुणी परत देणार नव्हतं.

रविवारी ऊन लख्ख होतं आणि बर्फ कडक, तिला हवं तसं. कोरिनचा वेळ फलकावर सगळ्यांत वर होता. उत्कर्षाने वरून उडी घेतली आणि पहिल्या गेटपासून तिला कळलं की आज सगळं जुळून येतंय. स्की चिरत चालल्या होत्या, वारा शिरस्त्राणावर घुमत होता. उंच उडीनंतर ती पिसासारखी टेकली. सलामीच्या वळणाशी ती कोरिनच्या पुढे होती.

ती खाली झुकली. डावीकडे बर्फ वर येताना दिसला. कंबर टेकायला आली. आता मांडी सोडायची.

आणि तिने कान दिले.

तेवढंच. पिशव्यांमध्ये हवा भरताना फुस्स असा आवाज येतो, तो आवाज येतोय का हे तिच्या अंगाने ऐकून बघितलं. आवाज आला नाही. राखण गप्प होती, ठरल्याप्रमाणे. पण मांडी सुटली नाही. तिच्या मनात असं काहीही नव्हतं, तरी ती घट्ट आवळलेलीच राहिली. कंबर बर्फाला न टेकता वर आली आणि तिने ते वळण नीटनेटकं, सावरून, शाळेत शिकवतात तसं पार केलं. गोफण फिरली नाही. खालचा सपाट टप्पा सुरू झाला तेव्हा तिला स्वतःचा वेग कळला आणि ती शिरस्त्राणाच्या आत किंचाळली.

ती सहावी आली. खाली जमलेल्या लाहौली बायाबापड्यांनी घरच्या मुलीचं कौतुक म्हणून टाळ्यांचा कडकडाट केला.

मैथिली काठ्या टेकत कुंपणापाशी आली होती. तिचा चेहरा फुलला होता. "काय सुंदर आलीस! रेघ हललीसुद्धा नाही. मी इतक्या वर्षांत या वळणावर इतका शांत रन बघितला नाही."

"शांत," उत्कर्षा म्हणाली. तिला दम लागला होता. "मैथिली, तो रन माझा नव्हता. काढून टाक तो."

"कुठून काढून टाकू?"

"राखणीतून. ती शिकते ना रनवरून?"

मैथिलीचा चेहरा हळूहळू उतरला. "तो गेला, उत्का. खाली पोचलीस त्याच क्षणी गेला, सामायिक थरात. आणि जगज्जेत्या खेळाडूचा निर्धोक रन म्हटल्यावर त्याला वजन सगळ्यांत जास्त मिळतं. विरजण लागल्यावर त्यातून दूध कसं वेगळं काढू?"

"म्हणजे पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी हे वळण असंच घ्यायचं असतं, असं ती सगळ्यांच्या बाबतीत धरून चालेल. त्याहून खाली कुणी गेलं तर ती उघडेल."

उत्कर्षाने स्की काढल्या आणि बर्फात रोवल्या. कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. हालवोर्सन भला होता, मैथिली भली होती, यंत्र आज निमूट राहिलं होतं. एका वळणावर तिने कान दिले, आणि पुढे येणाऱ्या कुणा पोरीला जे कदाचित साधलं असतं, त्यावर तिनेच कुलूप घातलं होतं.

आबा सलामीच्या वळणावरून स्कीवर उतरत येताना दिसले. या वयातही त्यांचे गुडघे जुळलेले असत. ते थांबले, हातमोजे काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत तिच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे पाणावले होते.

"जमलं तुला," ते म्हणाले. कालचं बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. "शाबास. आज सगळं वळण डोळं उघडं ठिवून बघितलं म्या."

"उघडे ठेवून म्हणजे?"

आबा ओशाळले. "तुला सांगितलं न्हाई कधी. तू खाली गेलीस की मी डोळं मिटायचो. ल्हानपनापास्नं. लोकांचा गलका ऐकू आला की उघडायचो. व्हिडिओवर बघितलंय मागनं, पर तितं ठाऊक आसतंय की तू उटलीस. हितं बघवायचं न्हाई. काल राखणीला समदं खरं सांगितलंस, आज तिच्यावर भरवसा हाय म्हनलं, बघू तरी पोरगी करती काय."

 जगातल्या प्रत्येक उतारावर, प्रत्येक वळणावर हा माणूस कडेला उभा आहे हे ठाऊक असल्यामुळेच ती दरवेळी थोडी आणखी खाली गेली होती. त्यांनी बघावं म्हणून गेली होती. त्यांनी 'जमलं' म्हणावं म्हणून गेली होती.

"मस्त घेतलंस बघ," आबा पुन्हा म्हणाले. त्यांना फार बरं वाटत होतं.

"आबा," ती म्हणाली, "आज बघण्यासारखं काही नव्हतं हो."